मातामायच्या डोक्यावर स्लॅब

व्हिएतनाममध्ये ह्यू नावाचं शहर आहे. तिथल्या जुन्या राजांनी आकाशाला बळी द्यायला बांधलेल्या वेदीवर उभी राहून मी फोनवर माझ्या नवऱ्याला इतक्या मोठ्यानं बोलले, की सकाळी पळायला आलेली माणसं थांबून बघायला लागली. मुलगी माझा दंड धरून म्हणाली, "आई, हळू. लोक बघतायत." बघू दे म्हटलं! मला विमानात बसवून इकडे धाडलं आणि माझ्या पाठीमागे मातामायच्या डोक्यावर स्लॅब टाकला. आता मी काय कुजबुजत बोलू?

तसं मी नवऱ्याला अहो-जाहोच करते. पण हे लिहिताना अजूनही राग येतो आणि रागात अरे-तुरेच येतं. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, चिचगडच्या पुढे, जंगलाला लागून. गाव म्हणजे दोन वस्त्या आणि मध्ये नाला. अलीकडे आम्ही धानवाले, पलीकडे गोंडांचा टोला. शिवेवर, दोन्हीकडून सारखंच चालावं लागेल अशा जागी, दगडमातीचा एक ओटा. त्याला वर चढायला ओबडधोबड पायऱ्या आणि माथ्यावर शेंदूर फासलेला गोटा. ती आमची मातामाय. तिच्यावर छप्पर नाही, कधीच नव्हतं. जवळ मोहाचं झाड आहे, पण त्याचीही सावली ओट्यावर पडत नाही. आमच्याकडे शेंबड्या पोराला विचारा, तेही सांगेल की मातामाय छपराखाली बसत नाही. गावाला जे ऊन लागतं ते तिला लागलं पाहिजे, गाव भिजलं की तीही भिजली पाहिजे. नाहीतर गावाचं दुखणं तिला कळणार कसं?

पेरणीच्या आधी तिथे बिदरी होते. दोन्ही वस्त्यांतल्या प्रत्येक घरातून ओंजळभर बियाण्याचं धान येतं आणि ओट्यासमोर एकाच ढिगात पडतं. टोल्यातला गोंड पुजारी, त्याला आम्ही भूमक म्हणतो, त्या ढिगापुढे कोंबडा सोडतो. कोंबड्यानं धान टिपलं की मायनं होकार दिला. मग त्या कोंबड्याचा बळी, रक्ताचे थेंब ढिगावर, आणि भूमक दोन्ही हातांनी तो सगळा ढीग कालवतो. कालवून झालं की ज्यानं त्यानं आपली ओंजळ भरून घ्यायची आणि घरच्या बियाण्यात मिसळून पेरायची. आपली ओंजळ म्हणायचं, पण त्यात कोणाचे दाणे आले ते कोण सांगणार? टोल्यातल्या सगळ्यात फाटक्या घरचं धान आमच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, उगवतं आणि आमचं त्यांच्या बांधीत. गावात भांडणं काय कमी आहेत? बांध कोरण्यावरून कुऱ्हाडी निघाल्यात. पण बिदरीचं धान वेगळं ठेवा असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

आमचं घर जुन्या मालगुजाराचं, म्हणजे जमीनदाराचं. मालगुजारी गेली, गुरांचे वाडगे गेले, जमिनी वाटण्यांत गेल्या, पण एक मान उरला. बिदरीचा कोंबडा आमच्या घरचा, आणि घरच्या कर्त्यानं आदल्या दिवसापासून उपाशी राहायचं. बळी गावाचा, पण उपास त्याचा.

मी स्वतः गोंदियाची, बाजारपेठेत हिंदी बोलत वाढलेली. लग्नानंतरच्या पहिल्या बिदरीला रक्त बघून मी मोहाच्या झाडामागे जाऊन भडाभडा ओकले. आताच्या भूमकाची आई तेव्हा होती. तिनं माझं तोंड धुतलं आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काऊन वं, तुमच्या गोंदियाच्या कोंबडीत रक्त नसते का? मसाला भरून येते का ते?" बायका खदाखदा हसल्या. मला इतका राग आला होता! पण म्हातारी खरं बोलली होती. अजूनही कोंबडा कापताना मी तोंड फिरवते, आणि रस्सा झाला की पहिली वाटी माझीच असते. मी काही बळीची आरती ओवाळणारी बाई नाही, एवढंच सांगायचंय.

पण मुलगी तान्ही असताना तिला गोवर निघाला, अंगभर, डोळे उघडेनात. औषध चालूच होतं. तरी मी त्या ओट्यावर गोट्याला हात लावून दुपारभर बसून राहिले. कोणी विचारलं नाही की आंघोळ केली का, आज तुला चालतं का, तू कोणाच्या घरची. टोल्यातल्या दोन बायका येऊन शेजारी बसल्या. पोरगी बरी झाली ती औषधानं झाली असेल. पण मी टिकले ती त्या ओट्यामुळे, आणि हे मी कोणालाही तोंडावर सांगेन.

गेल्या काही वर्षांत गावात टूम निघाली की मातामायचं मंदिर बांधायचं. टूम काढणारा आमच्या गावातला खता-बियाण्यांचा दुकानदार, आणि कमिटीचा अध्यक्ष म्हणून पुढे केलेला माझा नवरा. जुन्या घरचा माणूस पुढे असला की कोणी बोलत नाही, हे दुकानदाराला चांगलं ठाऊक. त्याचं म्हणणं असं, की आजूबाजूच्या गावांत केवढाली मंदिरं झाली आणि आपली देवी उघड्यावर, रक्ताच्या डागांत. पाहुणे काय म्हणतील? बळी तर बंदच केला पाहिजे, मागासपणा आहे. हे म्हणणारा माणूस दर रविवारी देवरीहून कापलेली ब्रॉयलर काळ्या पिशवीतून घरी आणतो. ती कोंबडी काय हृदयविकारानं मेली होती?

मी बैठकीत बोलले, घरी बोलले, विहिरीवर बोलले. छप्पर घातलंत तर भूमक येणार नाही, भूमक आला नाही तर टोला येणार नाही, मग बिदरी कोणाची? नवरा ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "पाहू." लग्न झाल्यापासून मी त्या "पाहू"ला फसत आले आहे.

मुलगी व्हिएतनाममध्ये दानांग नावाच्या गावी एका कंपनीत संगणकाचं काम करते. उन्हाळ्यात ती सुट्टीवर आली आणि आम्हा दोघांना चला म्हणून मागे लागली. नवरा म्हणाला, "तू जाय नं. उनाळी धान उभं हाय, कापनी कोन पाहीन? मी कसा येऊ?" वर स्वतः हरभऱ्याची डाळ दळून आणली, मुलीसाठी मुरमुऱ्याचा चिवडा बांधून दिला, नागपूरपर्यंत सोडायला आला. मी बाई विरघळले! गाडीत मुलीला म्हटलंसुद्धा, "म्हातारपणी तुझ्या बाबाला माया फुटली गं." माया कसली, मार्ग मोकळा करून घेत होता.

तर ह्यू. मुलगी सुट्टीच्या दिवशी घेऊन गेली. राजवाडे पाहिले, थडगी पाहिली, सगळीकडे माणसांची झुंबड. दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "आई, एक जागा आहे, पर्यटक फार जात नाहीत. तुला आवडेल." गावाबाहेर उंच देवदारासारख्या झाडांची राई, आणि आत ही वेदी. खाली चौकोनी थर, त्यावर लहान चौकोनी थर, आणि सगळ्यात वर गोल. चौकोन म्हणजे जमीन, गोल म्हणजे आकाश, असं आमच्या सोबतची वाटाडी मुलगी इंग्रजीत सांगत होती आणि माझी मुलगी मला मराठीत. वर काही नाही. मूर्ती नाही, कळस नाही, घंटा नाही, दानपेटी नाही. नुसती फरसबंदी आणि वर आभाळ. मी पायऱ्यांखाली चपला काढल्या. मुलगी म्हणाली, गरज नाही. मी म्हटलं, तुला नसेल.

वाटाडीनं सांगितलं, राजा इथे येऊन आकाशाला आणि जमिनीला बळी द्यायचा. रेडे, बकरे, डुकरं. पीक चांगलं यावं, राज्य सुखात राहावं म्हणून. आणि आधी तो शेजारच्या एका घरात उपास धरून राहायचा, बायकामुलांपासून लांब, गाणंबजावणं बंद. दुसऱ्या कोणाला हे करायचा हक्क नव्हता आणि त्याला चुकवायची सोय नव्हती. मी ऐकतच राहिले. मुलीला म्हटलं, "तिला सांग, आमच्या घरीही असाच एक राजा आहे. फक्त त्याला शुगर आहे, म्हणून उपासाला लपून साबुदाणा खातो." ती वाटाडी पोट धरून हसली.

मग तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेशी झालेल्या लढाईनंतर लोकांनी या वेदीच्या माथ्यावर एक स्मारक बांधलं होतं, लढाईत मेलेल्यांचं. वाईट हेतूनं नाही, आदरानंच. पण पुढे लोकांनाच वाटलं की ही जागा त्यासाठी नाही, इथे वर आभाळच पाहिजे. मग ते काढलं. मी विचारलं, "काढलं म्हणजे? बांधलेलं काढलं?" हो म्हणाली. मी तिला पुन्हा विचारायला लावलं. आपल्याकडे एकदा सिमेंट ओतलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी विटेला हात लावत नाही. आणि हे लोक आपल्याच मेलेल्या पोरांचं स्मारक उचलतात, कारण खालची जागा मोकळी हवी! मी तिथेच मनात ठरवलं, गावी गेले की बैठकीत हेच सांगायचं. आधी देऊळ बांधायचं थांबवा, मग माझं ऐका. फोटो काढून घेतले, चारही बाजूंनी, वरच्या आभाळाचासुद्धा.

फोटो काढत असतानाच गावाच्या ग्रुपवर फोटो येऊन पडला. सेंट्रिंगच्या पाट्या, काँक्रीट कालवायचं यंत्र, फेटा बांधलेला दुकानदार, आणि मधोमध हातात नारळ घेऊन माझा नवरा. खाली लिहिलेलं, माताजीच्या मंदिराच्या स्लॅबचं पूजन थाटात संपन्न. मागे मोहाचं झाड दिसत होतं, म्हणून जागा ओळखू आली. ओटा कुठे दिसेना.

त्यानंतर मी फोन लावला आणि काय काय बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही. नवरा पलीकडून एवढंच म्हणत होता, "अवं आयक तं खरी... नेटवर्क नाही येऊन राहिलं."

परतीचं तिकीट महिन्यानंतरचं होतं. परतले तशी बॅग अंगणात टाकून आधी ओट्यावर गेले. ओटा होता, आत. चारी बाजूंनी ग्रॅनाइट चिकटवलेलं, वर टाइल्स, गोट्याच्या पुढ्यात जयपुरी संगमरवराची देवी, गोरीपान, गुलाबी गालांची. गोटा तिच्या पायाशी, अर्धा सिमेंटमध्ये. वर स्लॅब, स्लॅबला पंखा! आणि पुढे स्टीलची जाळी, जाळीला कुलूप. बाजूला पाटी, पशुबळी देण्यास सक्त मनाई, गाभाऱ्यात प्रवेश बंद. किल्ली गोंदियाहून नेमून आणलेल्या पुजाऱ्याजवळ. तो मंगळवारी आणि शुक्रवारी मोटारसायकलवर येतो. त्या दिवशी नेमका मंगळवार होता. मी जाळीतून हात घालून गोट्यापर्यंत पोचतो का पाहत होते, तर मागून आवाज आला, "माताजी, हाथ मत लगाइए. लेडीज को अंदर मना है." म्हटलं, बाबा, ही माता काय जेंट्स आहे का?

घरी आले. नवरा ओसरीवर धानाच्या पोत्यांवर बसलेला. चप्पलही न काढता मी विचारलं, "मला कशाला पाठवलं होतं तिकडे? सांगा."

"मंदिराले सरकारी निधी आला होता, थो वापस गेला असता," तो म्हणाला. "आन् तू राहिली असती तं होऊ देल्लं असतं का?"

"नाहीच होऊ दिलं असतं!"

"मंग?" तो म्हणाला. आणि मग खाली बघत, अगदी मनापासून, "अवं, तिच्यासाटीच केलं नं. किती पिढ्या उनापान्यात ठेवाची तिले? आपुन पंख्याखाली झोपतो आन् माय उघड्यावर. मले बरं नोतं वाटत."

याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. तो थापा मारत असता तर मी त्याला तिथल्या तिथे धुऊन काढलं असतं. पण माणसाला खरंच वाटत होतं की त्यानं आईला घर बांधून दिलं. आपल्याला काय हवंय तेवढं बघायचं आणि देवीलाही तेच हवं असणार म्हणायचं. तिला विचारलं का? विचारायचं कोणाला तर भूमकाला. त्याला पूजनाला बोलावलंसुद्धा नव्हतं. बोलावलं होतं म्हणे, पण निरोप पोचला नाही. नाला ओलांडायला निरोपाला काय पूर आला होता?

कमिटीची बैठक झाली त्यात मी उठले. मोबाइलमधले ह्यूचे फोटो सगळ्यांना फिरवून दाखवले. सांगितलं, की बघा, एवढ्या मोठ्या राजाची वेदी, आणि वर काही नाही. बांधलेलं होतं तेही काढलं. आपण नुसती जाळी आणि स्लॅब काढू, बाकी राहू द्या. दुकानदार हसून म्हणाला, "काकू, थो राजा होता. आपल्या गावात राजा कोन हाय?" सगळी बैठक हसली. नवराही हसला. मी उत्तर शोधत राहिले आणि तोवर चहा आला. उत्तर मला घरी भात वाढताना सुचलं. राजा नाही म्हणून तर ती कोणा एकाची नाही, सगळ्यांची आहे! राजाच्या वेदीवर राजानंच उभं राहायचं, आमच्या ओट्यावर टोल्यातली म्हातारी आणि मी शेजारी बसू शकत होतो. ते मी भाताच्या पातेल्याला सांगितलं, कारण ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.

मग मी टोल्यात गेले. भूमक अंगणात तेंदूच्या पानांचे पुडके बांधत बसला होता. माझ्याच वयाचा आहे. माझ्या पहिल्या बिदरीला तो आपल्या बापाच्या मागे कोंबड्याचे पाय धरून उभा होता. मला बघून त्यानं पानं बाजूला सारली, बायकोनं पाणी आणून दिलं.

"बिदरीला येणार ना?" मी विचारलं.

"कोठी येऊ, बाई?"

"ओट्यावर. दुसरं कुठे?"

"स्लॅबाखाली माय येत नाही जी. मी बलावीन, पन कोनाले बलावू? त्या दगडाच्या बाईले मी वळखत नाही."

मी पेटलेच. म्हटलं, "मग गप्प काय बसता? भांडा ना! तहसीलवर चला, टोला घेऊन चला, मी सगळ्यात पुढे चालते. जाळी तोडा म्हणावं."

तो हसला, पण चांगलं हसला नाही. "तुमी भांडा जी. तुमच्या घरचं भांडन होते. आमी भांडलो का केस होते."

मी चालायला लागले तेव्हा त्याची बायको मागून म्हणाली, "बाई, बिदरी तं होईनच. बिदरी थांबत नाही." मला वाटलं, म्हणजे येतील. मी तेच नवऱ्याला येऊन सांगितलं. त्यालाही हायसं वाटलं.

बिदरीचा दिवस उजाडला. नवरा आदल्या दिवसापासून उपाशी, या वेळी खरा उपाशी, साबुदाणाही नाही. कोंबडा घरीच बांधून ठेवलेला, कारण पाटी त्यानंच लावली होती. कोंबड्याऐवजी कापायला कोहळा आणला होता. अलीकडच्या वस्तीतली सगळी घरं धान घेऊन आली. ढीग टाकायला जागा म्हणजे देवळाची गुळगुळीत फरशी. धान त्यावरून घरंगळून जाळीपर्यंत जात होतं, बायका पदरानं सावरत होत्या. पुजारी आला. त्यानं अगरबत्ती लावली, स्पीकरवर आरती लावली, आणि ढिगाकडे बघून विचारलं, "ये भोग का चावल है क्या? छिलका नहीं निकाला?" कोणी हसलं नाही.

नवरा पायरीवर उभा राहून नाल्याकडे बघत होता. टोल्यातून कोणी येत नव्हतं. दुकानदार म्हणाला, "चला काका, कोहळा कापू, पंडितजीले पुढं जाचं हाय." नवरा म्हणाला, "थांब जरासा." ऊन चढलं. बाया पोरांना घेऊन सावलीला गेल्या. आणि मग नाल्याच्या पलीकडून ढोल वाजायला लागला.

ढोल ऐकला आणि नवऱ्याचा चेहरा उतरला. तो पायरी उतरला आणि चालायला लागला. मी आमच्या घरच्या धानाची टोपली उचलली आणि त्याच्या मागे निघाले. मागून दुकानदार हाका मारत राहिला.

टोल्याच्या टोकाला, उघड्या माळावर, मातीचा ताजा ओटा घातला होता. शेणानं सारवलेला, अजून ओलसर. वर नाल्यातला एक साधा गोटा, त्याला शेंदूर. आख्खा टोला भुईवर बसलेला, म्हातारे, बाया, लेकरं. पुढे धानाचा ढीग. कोंबड्यानं धान टिपून झालं होतं, बळी झाला होता, आणि भूमक गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी ढीग कालवत होता. आम्हाला बघून तो थांबला. लोकांनी सरकून वाट करून दिली. कोणाच्या तोंडावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

नवऱ्यानं माझ्या हातातली टोपली घेतली आणि पुढे केली. आजवर पहिली ओंजळ आमच्याच घरची पडत आली. भूमकानं हात पुसले, टोपलीला हात लावून नमस्कार केला आणि ती तशीच परत दिली. "राहू द्या जी मालक. तुमची बिदरी तिकडं हाय नं आता. दोन मायच्यात एक धान कसं टाकावं?"

नवरा टोपली घेऊन उभाच राहिला. तेवढ्यात भूमकाची बायको उठली, लगबगीनं घरात गेली आणि प्लास्टिकच्या दोन खुर्च्या घेऊन आली. पदरानं पुसल्या आणि ओट्यापासून जरा बाजूला, सावलीत मांडल्या. टोल्यात खुर्च्या निघतात त्या तलाठी आला की, डॉक्टर आला की, मतं मागायला कोणी आलं की. नवरा एका खुर्चीवर बसला. कालपासूनचा उपाशी माणूस. मी खुर्ची बाजूला सारली आणि सगळ्यांमध्ये भुईवर बसले.

"अवो बाई, खाली काऊन बसता?" ती कळवळून म्हणाली. "लुगडं मळन. पाव्हने मानसं तुमी."

"पाहुणी कोणाला म्हणतेस गं?" मी ओरडले. "मी या गावची सून आहे! पाहुणी कोणाला म्हणतेस?"

ढोल थांबला. ती बिचारी घाबरून नवऱ्याकडे बघायला लागली. भूमक ढिगाजवळून उठला नाही. मान वर करून, अगदी सरळ, मनात काही न ठेवता त्यानं मला विचारलं, "मंग का म्हनाव जी? तुमीच सांगा."

सगळा टोला माझ्याकडे बघत होता. भूमकाला खरंच उत्तर हवं होतं.